कातडं पांघरलेलं कोकरू

मेंढी आपलं पिल्लू ओळखते ती नाकाने. डोळ्यांवर तिचा काडीचा विश्वास नाही. कोकरू कितीही गोंडस असो, भुकेने कितीही कळवळून ओरडो, शेपटीखाली हुंगून आपला वास आला नाही की ती ढुशी मारून त्याला भिंतीवर आपटते. शेळी निदान लबाड असते. गोडीगुलाबीने घेतलं, पुढ्यात मूठभर दाणे टाकले, तर खाता खाता दुसरीचं करडू पाजून मोकळी होते. मेंढीपुढे असली गोडीगुलाबी चालत नाही. आमच्या घरात शेळ्या माझ्याकडे आणि मेंढ्या जाऊबाईंकडे, ती वाटणी काही उगाच झालेली नाही. मी फटकळ आहे पण चटकन विरघळते. जाऊबाई कमी बोलतात आणि एकदा धरलं ते सोडत नाहीत.

गोठा एकच, लांबट, मधोमध लाकडी कठडा. अलीकडे माझ्या शेळ्या, पलीकडे त्यांच्या मेंढ्या. कठड्याचं कारण भांडण नाही, खाणं आहे. शेळ्यांच्या खनिजाच्या विटेत तांबं असतं. ते शेळ्यांना लागतं, पण मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस धडधाकट दिसणारी मेंढी पिवळी पडून आडवी होते. वरून काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून वीट अलीकडेच टांगलेली असते, आणि पलीकडे कुणी नेली तर मी घर डोक्यावर घेते.

आम्हा दोघींना एकेक मुलगी. त्यांची ठमी थोडी मोठी, माझी बिट्टी थोडी लहान. दोघी आपापल्या आईला आई म्हणायच्या आणि दुसरीला काकू. बिट्टी जन्मली तेव्हा मी तापाने फणफणले होते, माझ्या अंगावर दूधच उतरेना. जाऊबाईंनी एका बाजूला ठमी आणि दुसऱ्या बाजूला बिट्टी घेतली. त्याबद्दल नंतर एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. माझ्यासारखी असती तर वर्षभर ऐकवलं असतं.

यंदाच्या थंडीत ठमी गेली. छातीत कफ भरला, ताप चढत गेला, हॉस्पिटलमध्ये नेली ती परत आणली चादरीत गुंडाळून. जाऊबाई रडल्या नाहीत. मेंढ्यांच्या बाजूला चाऱ्याची मोठी पेटी आहे, तिच्या झाकणावर जाऊन बसल्या त्या बसल्याच. जेवायला हाक मारली की मान हलवायच्या. घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायच्या. भाऊजींनी उचलून दवाखान्यात नेलं, सलाईन लावून आणलं. घरी आल्या आणि पुन्हा पेटीवर.

मेंढ्यांची पार दैना झाली. खुरं वाढून वाकडी झाली, फटींत चिखल बसून सडायला लागली. दोघी-तिघी गुडघे टेकून चरायला लागल्या. भाऊजींना मेंढीचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे एवढंच कळतं. त्यांनी मदत म्हणून शेळ्यांची वीट उचलून पलीकडे टांगली. मी पाहिलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. एरवी जाऊबाई मधे पडल्या असत्या. त्या दिवशी त्या माझ्याकडे आणि विटेकडे अशा बघत राहिल्या, जणू दोन्ही वस्तू पहिल्यांदाच दिसत होत्या.

सासूबाई आल्या, त्यांनी जाऊबाईंची हनुवटी धरली आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आम्ही जनावरांची अशीच पाहतो. आतून लाल असली तर ठीक, फिकी असली तर पोटात जंत रक्त पितायत असं समजायचं. जाऊबाईंची पापणी आतून कागदासारखी पांढरी होती. सासूबाईंनी हात पदराला पुसला.

"ही चालली," त्या मला म्हणाल्या, जाऊबाईंच्या समोरच.

त्याच आठवड्यात मेंढ्या व्यायला लागल्या. एका मेंढीचं कोकरू मेलेलंच जन्मलं. दुसरी कास सुजून, तापाने गेली, तिचं कोकरू मागे राहिलं. सासूबाईंनी चाकू मागवला. मेलेल्या कोकराचं कातडं त्यांनी पैरण काढावी तसं काढलं, पायांना चार भोकं ठेवली आणि जिवंत कोकराच्या अंगात चढवलं. ओलं, किंचित मोठं, शेपटीकडे लोंबणारं. बिट्टी माझ्या मागे उभी राहून बघत होती.

मेलेल्या कोकराच्या आईने हुंगलं. डोकं हुंगून मागे सरली, पाय आपटला. मग शेपटीकडे गेली, आणि तिच्या गळ्यातल्या गळ्यात तो घुमणारा आवाज सुरू झाला. व्यायल्यावर पिल्लाशी बोलताना मेंढी तसा आवाज काढते, एरवी कधी नाही. कोकरू कासेला लागलं आणि दोन शेपट्या थरथरायला लागल्या, एक त्याची आणि एक मेलेल्याची.

"आजी, हे कातडं किती दिवस ठेवायचं?" बिट्टीने विचारलं.

"दूध त्याच्या पोटात जाऊन अंगात मुरेपर्यंत. मग त्याच्याच अंगाला तिचा वास येतो. मग कातडं असलं काय, नसलं काय."

मी मान वर केली तर जाऊबाई पेटीवरून उठून कठड्याशी आल्या होत्या. कितीतरी दिवसांनी त्या आपणहून उठल्या होत्या, म्हणून मला बरं वाटलं. त्या मेंढीकडे बघत नव्हत्या. कातडं पांघरलेल्या कोकराकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "धाकटे, ठमीचा लोकरी स्वेटर कुठाय?"

"ताईंच्या कपड्यांच्या पेटीत. कुणाला हात लावू देत नाहीत. धुतलासुद्धा नाही."

"धुतला नाही तेच बरं."

त्यांच्या मनात काय आहे ते मला तत्काळ कळलं आणि माझं डोकं फिरलं. "आत्याबाई, माझी पोर काय कोकरू वाटली तुम्हाला? बळीचा बकरा शोधायला माझंच घर सापडलं?"

"कुणाचं कातडं नाही काढायचं. स्वेटर चढवायचा, हातात दुधाचा पेला द्यायचा आणि आत सोडायची. दोन घास तिच्या पोटात गेले तर जगेल. नाहीतर तू शोधून काढ दुसरा उपाय."

दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "घाल की. स्वेटरच तर आहे." आमचे हे जन्मभर उंटावरून शेळ्या हाकत आले आहेत, आणि दारात खऱ्या शेळ्या असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण मला त्या दोन्ही बाजूंना दोन पोरी घेऊन बसलेल्या जाऊबाई आठवत होत्या. त्या मरायला टेकलेल्या मला बघवत नव्हत्या. मी कपड्यांची पेटी उघडली.

स्वेटरला ठमीचा वास होता. छातीला चोळायचं मलम, घाम, आणि खाली लोकरीचा तेलकट वास. बिट्टी म्हणाली, "आई, हा टोचतो." मी म्हटलं, "थोडाच वेळ घाल, राणी." आणि तिला कठड्यापलीकडे सोडलं. पेल्यात मेंढीचं दूध होतं, सासूबाईंनीच काढून दिलेलं.

जाऊबाईंनी आधी तिचं डोकं हुंगलं. चेहरा आक्रसला, त्यांनी तिला लांब धरलं. मला वाटलं, आता ढकलतात. मग त्यांनी तिची बाही उचलून नाकाशी नेली, मग गळपट्टी, मग मानेत नाक खुपसून तशाच राहिल्या. आणि त्यांच्या गळ्यातून आवाज यायला लागला. खोल, घुमणारा, तोंड मिटलेलं असताना. गोठ्यातल्या सगळ्या व्यायलेल्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. मी बिट्टीला परत ओढून घ्यायला हवं होतं, तरी मी तिथेच उभी राहिले, कारण जाऊबाई दूध पीत होत्या. अर्धा पेला त्या प्यायल्या, अर्धा त्यांनी बिट्टीला पाजला.

तिथून जाऊबाईंनी अंग धरलं. आठवड्याभरात त्या हातात खुरं कापायची कात्री घेऊन बसल्या. एकेक मेंढी बुडावर बसवून वाढलेलं खूर कापलं, सडका भाग काढला, मोरचूदाच्या पाण्यात पाय बुडवून कोरड्या जागेवर उभी केली. सगळ्यांच्या पापण्या पाहिल्या आणि फिक्या निघाल्या त्यांना जंताचं औषध पाजलं. लंगडणाऱ्या चालायला लागल्या, चालणाऱ्या चरायला लागल्या. भाऊजी माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले तेव्हा मला फार लाज वाटली. घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. बिट्टी रोज दुपारी स्वेटर घालून पलीकडे जायची. मग सकाळीही जायला लागली. मग झोपायलाही.

पहिल्यांदा मला खटकलं ते मेंढ्यामुळे. आमचा मेंढा मोठा आडदांड आहे, बिट्टी त्याला पाहून माझ्या मागे दडायची. ठमी मात्र त्याच्या पोटाखालून आरपार रांगायची आणि तो मुकाट उभा राहायचा. एके सकाळी मी शेळ्यांची धार काढत होते, मान वळवली तर बिट्टी मेंढ्याच्या पोटाखाली होती. उजव्या हाताची मधली दोन बोटं तोंडात घालून आरामात बसली होती. माझी मुलगी बोटं चोखत नाही. कधीच चोखली नव्हती. ठमी चोखायची.

मी स्वतःला समजावलं, पोरं एकमेकींचं बघून शिकतात. पण जिचं बघायचं ती आता नव्हती.

मग माझं एक करडू होतं, आई मेलेलं, बिट्टीने बाटलीने वाढवलेलं. दिवसभर तिच्या फ्रॉकचं टोक चघळत तिच्यामागे फिरायचं. त्या दिवशी ते उड्या मारत तिच्याकडे गेलं, हुंगलं आणि थबकलं. पाठीवरचे केस उभे राहिले. पुढचा पाय जमिनीवर आपटून ते पाय मागे घेत घेत माझ्याजवळ आलं आणि माझ्या लुगड्याआड उभं राहिलं. परका कुत्रा दिसला की शेळ्या असं करतात.

"बिट्टी," मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली, जोरात. ती मेंढ्याची लोकर विंचरत राहिली.

मी तडक पलीकडे गेले, तिच्या अंगातला स्वेटर ओढून काढला, गोठ्याबाहेरच्या चुलीवर पाणी उकळलं आणि त्यात तो बुडवला. लोकर आक्रसून बाहुलीच्या मापाची झाली तरी काठीने ढवळत राहिले. जाऊबाई जवळच एका मेंढीचं खूर कापत बसल्या होत्या. मला वाटलं, आता अंगावर धावून येतील. मी भांडायच्या तयारीतच होते.

"उकळ की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आता कशाला लागतोय तिला तो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी टिकले असते. इतके दिवस मी स्वेटर सांभाळत बसले होते आणि दुधाकडे माझं लक्षच नव्हतं. रोज दोन वेळा, त्यांच्या हातून, अर्धा पेला त्यांचा आणि अर्धा तिचा.

मी बिट्टीला उचलून आमच्या खोलीत आणलं. साबण लावून, घासून आंघोळ घातली. शेळीचं ताजं, कोमट दूध दिलं. ती जन्मापासून, जाऊबाईंनी पाजलेले सुरुवातीचे दिवस सोडले तर, त्याच दुधावर वाढलेली. तिने पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"ह्याला घाण वास येतो."

"कसला वास, बाळा? आपल्याच शेळीचं आहे."

"तुझ्या शेळीचं," ती म्हणाली. मग शहाण्या पाहुणीसारखी एका कोपऱ्यात बसून राहिली. दुपारी डोळा लागला तेव्हा मी तिच्या मानेत नाक खुपसलं. साबणाच्या खाली छातीला चोळायच्या मलमाचा वास होता. आमच्या खोलीत तसलं मलम नाही.

मी नवऱ्याला सांगितलं, उद्या सकाळच्या बसने मी माहेरी जातेय आणि बिट्टीला घेऊन जातेय. तो म्हणाला, ये चार दिवस राहून. सासूबाई माझ्याकडे बघत, जपमाळ ओढावी तशी हातातली दोरी वळत राहिल्या. मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं.

सकाळी पिशवी भरून मी तिला उठवायला गेले आणि ती खोकली. तो खोकला मी ओळखला. कोरडा, आत कुठेतरी अडकणारा, शेवटी बारीक शीळ वाजणारा. साऱ्या घराने तो थंडीत ऐकला होता. कपाळाला हात लावला तर चटका बसला. पिशवी तिथेच राहिली.

डॉक्टर आले, छाती तपासली, कानातली नळी काढली. त्यांनी ठमीलाही पाहिलं होतं. "घाबरू नका," ते म्हणाले, म्हणजे ते घाबरले होते. "वेळेवर कळलंय. औषध आणि पाणी पोटात राहायला हवं. अंगातलं पाणी कमी व्हायला लागलंय. संध्याकाळी पुन्हा येतो. तोवर काहीच पोटात राहिलं नाही तर हॉस्पिटल."

हॉस्पिटल म्हटलं की मला चादर दिसत होती.

मी औषध पाजायला बसले. चमच्याने दिलं, तिने थुंकलं. साखर घालून दिलं, थुंकलं. माझ्या हातून कुठलंही जनावर औषध प्यायल्याशिवाय सुटलेलं नाही. शेवटी मी शेळ्यांना पाजायची पिचकारी उकळून आणली, तिचं डोकं काखेत धरलं, फार वर केलं नाही कारण वर केलं की औषध फुप्फुसात जातं, आणि गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडलं. बोकडसुद्धा गिळतो. ती घशात धरून राहिली, आणि मी सोडताच सगळं माझ्या हातावर आलं.

"आई," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"मी इथेच आहे, सोन्या."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तापाने डोळे चकाकत होते पण नजर साफ होती. कुणी दुसऱ्याच्या घरी राहायला आलेलं असावं आणि त्याला घरी जायला उशीर झालेला असावा, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"आईला बोलाव ना," ती म्हणाली.

मी तिच्या पापणीला अंगठा लावला आणि खाली ओढली. सवयीने. आत रंग नव्हता.

दारात जाऊबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. हातात दुधाचा पेला होता, उंबऱ्याच्या आत मात्र पाय टाकला नव्हता.

"माझ्या हातून घेईल," त्या म्हणाल्या.

"ताई, ही बिट्टी आहे. माझी बिट्टी."

"बरं. मग पाज तू."

मी पुन्हा चमचा भरला. पोरीने दात आवळले. खोकल्याची उबळ आली, ओठ निळसर पडले, आणि उबळ संपल्यावर तिचा श्वास परत यायला इतका वेळ लागला की मी तिला हलवायला लागले. जाऊबाई तशाच उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यात तो आवाज सुरू झाला होता, अगदी बारीक. पोरीचं तोंड दाराकडे वळलं. डोळे मिटलेले होते, फक्त नाकपुड्या हलत होत्या.

"ताई, तुमच्या हातून घेतलं तर जगेल?"

"माझी एकदा गेली," जाऊबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा मी जाऊ देणार नाही."

"मग या ना आत. द्या तिला. पाया पडते तुमच्या."

"तू अशी धरून बसलीस तर नाही घ्यायची. दोन वासांत तिला कळत नाही. तू सांग तिला, कुणाकडे जायचं ते. तुझ्या तोंडून सांग."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. त्याच क्षणी त्यांच्या पायांवर लोळण घ्यावीशी वाटली. दोन्ही केलं असतं, पण पोरीची छाती दोन बरगड्यांमध्ये खड्डा पडेपर्यंत आत जात होती आणि माझा जीव त्या खड्ड्यात अडकला होता. तिच्यासाठी मी काहीही द्यायला तयार होते. जे मागितलं होतं ते देणं मात्र मला कधी सुचलं नसतं.

मी तिच्या अंगावरचा हात काढला. बाजूला सरकले.

"ठमी," मी म्हटलं. "बघ, आई आली तुझी."

तिने डोळे उघडले. लगेच उघडले, बिट्टी म्हटल्यावर आज सकाळपासून उघडले नव्हते तसे. जाऊबाई आत आल्या, माझ्या जागेवर बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं. औषध एका घोटात गेलं. मागून दूध गेलं. पेल्याच्या काठावर तिचे ओठ वाजत होते आणि मी एकेक घोट मोजत होते. छातीतली शीळ बारीक होत होत थांबली. कपाळावर घाम फुटायला लागला.

पेल्याआडून तिने माझ्याकडे पाहिलं. गालांवर रंग यायला लागला होता.

"काकू," तिने विचारलं, "तू का रडतेस?"

"काही नाही गं, ठमे," मी म्हटलं. "तू सगळं दूध पिऊन घे."